बंड, गदर की उठाव?

लश्करकर: काल इथे ग्वाल्हेरात घरी शब्दावरून जुंपली. लेक आठवीला आहे. तिच्या हिंदी पुस्तकात 1857चा 'विद्रोह'. तिला मराठीत समजावताना मी 'बंड' म्हणून गेलो, तर आई आतून ओरडली, "बंड पुंडांचं असतं रे! आम्ही गदरच म्हणायचो." योग्य शब्द कोणता?

मुरारवाले काका: आईंचा कान तयार आहे. 'बंड' म्हटलं की आधी धनी मान्य केलाच. शिपायांपुरता तो शब्द चालेल, ते कंपनीचे पगारी नोकर होते. चरबीच्या काडतुसांना मेरठच्या 85 स्वारांनी हात लावला नाही, त्यांना बेड्या पडल्या आणि दुसऱ्या दिवशी, 10 मेला, छावणी उठली. पण भत्ता बुडाल्याची, समुद्रापार जायला लावतील या भीतीची धग आधीपासून होती. त्यातून 1856त अवध खालसा झालं, आणि बंगाल फौजेतल्या कितीतरी शिपायांची घरं तिथलीच.

झाशीचं तसं नाही. 1854मध्ये दत्तक नामंजूर करून संस्थान घेतलं. राणीनं कंपनीची चाकरी कधी केली होती, की तिनं 'बंड' करावं?

लश्करकर: 'खालसा' शब्दही मजेशीरच, नाही का? मूळ अर्थ सरकारच्या थेट ताब्यातली जमीन. मराठीत मात्र 'खालसा झालं' म्हणजे गेलंच.

दालबाजार: मला 'उठाव' खटकतो. सकाळपासून दुकानात ऐकतोय, "मसुराला उठाव नाही." इतिहासात तोच शब्द आला की हसू येतं.

मुरारवाले काका: अहो, दोन्ही 'उठणे'तूनच आले, हसा खुशाल. मला तरी तोच बरा वाटतो. त्यात धनी गृहीत नाही, शिपाई बसतो आणि इनाम गेलेला वतनदारही. 'बंडाळी' मात्र नको, ती तिकीट न मिळालेल्या बंडोबांची. ते थंडही लवकर होतात.

लश्करकर: आणि 'गदर'?

मुरारवाले काका: अरबी शब्द, अर्थ विश्वासघात, वचनभंग. म्हणजे आईंचा शब्द 'बंड'पेक्षाही कडक! पण शब्द बाटतात तसे शुद्धही होतात. 1913त सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या लोकांनी आपल्या पत्राचं नावच 'गदर' ठेवलं.

जुन्या मराठीत 'शिपाईगर्दी'ही आहे, 'भाऊगर्दी'सारखा. त्यातली गर्दी म्हणजे दंगा, धामधूम, आजची बसस्टँडवरची नव्हे. नारायणरावांच्या खुनातले 'गारदी' वेगळे, ते 'गार्ड'वरून.

आता आपल्याच गावाचं बघा. 1843च्या महाराजपूरच्या लढाईनंतर इथे 'कंटिंजंट' नावाची तैनाती फौज उभी राहिली. पगार शिंद्यांच्या तिजोरीतून, हुकूम इंग्रज साहेबांचा. 14 जून 1857ला मुरारच्या छावणीत ती उठली. ती मिठाला जागली की नाही? मीठ तर शिंद्यांचं! जयाजीराव महाराजांनी तिला महिनोन्‌महिने झुलवत ठेवलं, शेवटी ती तात्या टोप्यांबरोबर कानपूरवर गेली. मग 1 जून 1858ला खुद्द महाराजांची फौज तात्यांना, राणीला जाऊन मिळाली. दरबाराच्या लेखी ही 'फितुरी', इंग्रजांच्या लेखी 'म्यूटिनी'. फुलबागेतल्या राणीच्या समाधीशी उभं राहून यातला एकतरी शब्द मोठ्यानं उच्चारून बघा.

दालबाजार: काका, आम्ही जिथे राहतो ते लश्करही मुळात दौलतराव शिंद्यांच्या छावणीचंच नाव. फौजेच्या शब्दात घर बांधलंय आपण.

लश्करकर: आईला सगळं वाचून दाखवलं. 'उठाव' तिनं मान्य केला, कुरकुरत. मग विचारते, "आणि फौज फिरली त्याच दिवशी महाराज आग्र्याला गेले, त्याला काय म्हणायचं? प्रस्थान?" मी 'कूच' सुचवलं. म्हणाली, "कूच पुढे होते." काका, सुचतोय का शब्द?