जगबुडी झाली, तर कोणत्या शाखेचा डॉक्टर कामाला येईल?

प्रश्न (इंटर्न, गंगापूर रोड)

गेल्या आठवड्यात आमच्या खोलीवर सलग सहा तास वीज नव्हती आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी कोणती शाखा घ्यावी, या नेहमीच्या वादाला त्या अंधारात वेगळेच वळण लागले. समजा, एकलहऱ्याच्या वीज केंद्राला कोळसा येणे कायमचे थांबले, औषधांचे कारखाने बंद पडले, कसाऱ्याचा घाट खचला आणि आपल्यापुरते जग म्हणजे नाशिक जिल्हा एवढेच उरले, तर कोणाची विद्या टिकेल? माझ्या खोलीतल्या मित्राला रेडिओलॉजी हवी आहे. एमआरआयच्या चुंबकाला थंड ठेवणारे हेलियम वीज नसताना हळूहळू उडून जाते, हे मी सांगितल्यावर तो माझ्याशी दोन दिवस नीट बोलला नाही. माझ्या यादीत सर्जन पहिला आणि त्वचारोगतज्ज्ञ शेवटचा आहे. अनुभवी मंडळींनी चूक दाखवावी.

उत्तर १ (सर्जन, पूर्वी सुरगाणा तालुक्यात)

पहिल्या क्रमांकाबद्दल आभार, पण तो मला घेता येणार नाही. हत्यारांची काळजी नाही, कारण घरातला प्रेशर कुकरही पंधरा पौंड दाबावर १२१ अंशांपर्यंत पोहोचतो आणि चुलीवर तो चांगला चालतो. टाके उकळलेल्या सुती दोऱ्याने घालता येतील. मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णाच्या पायाला वजन म्हणून विटा बांधण्याची पद्धत तर आपल्या वॉर्डांत जुनीच आहे. माझे हात बांधले जातील ते भूल आणि रक्त या दोन गोष्टींपाशी.

माझ्या मते पहिला मान स्त्रीरोगतज्ज्ञाचा, कारण जग बुडाले तरी बाळंतपणे थांबत नाहीत. वार पडल्यानंतर रक्तस्राव सुरू झाला की आपण ऑक्सिटोसिन देतो, पण त्याला फ्रिज लागतो. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना तो लागत नाही, म्हणून त्या काही काळ पुरतील. त्याही संपल्यावर एक मूठ आतून आणि दुसरा हात पोटावरून, असे गर्भाशय दोन्हींच्या मध्ये दाबून धरायचे. हे मी सुरगाण्यात एकदा कंदिलाच्या उजेडात जवळजवळ वीस मिनिटे केले आहे. हात बधिर झाला होता, आणि मागे उभी असलेली परिचारिका ‘सर, सोडू नका’ एवढेच म्हणत होती.

उत्तर २ (भूलतज्ज्ञ, कॉलेज रोड)

वरच्या सरांनी भुलीचे नाव काढलेच आहे, म्हणून लिहिते. ऑक्सिजनचा पुरवठा खंडित झाला की काय होते, हे या शहराने एप्रिल २०२१ मध्ये पाहिले आहे. त्यामुळे व्हेंटिलेटरवर चालणारे सगळे वैद्यक पहिल्याच आठवड्यात संपेल, असे गृहीत धरावे. केटामाइन या भुलीच्या इंजेक्शनचा साठा असेपर्यंत मी उपयोगाची आहे, कारण त्याने सहसा श्वास बंद पडत नाही आणि रक्तदाबही टिकतो.

त्यानंतर १८४६ साली बोस्टनमध्ये मॉर्टनने जाहीरपणे वापरून दाखवलेल्या ईथरकडे परतावे लागेल. तारेच्या सांगाड्यावर गॉज ताणायचे, ते नाकातोंडावर धरायचे आणि वरून थेंब थेंब ईथर सोडायचे. माझ्या सरांनी तरुणपणी अशी भूल दिली होती. थेंब मोजू नका, बाहुल्या आणि श्वास बघा, असे ते सांगत. ईथर मद्यार्क आणि गंधकाम्ल यांपासून बनते. नाशिकला वायनरी आहेत, म्हणजे ऊर्ध्वपातनाने मद्यार्क मिळेल. गंधकाम्ल प्रत्येक घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत आहे, पण ते विरळ असल्यामुळे तसेच चालणार नाही. थोडक्यात, माझ्याआधी रसायनशास्त्राचा प्राध्यापक वाचवा. आणि सर, ईथरची वाफ पेट घेते व जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते, तेव्हा तुमचा कंदील माझ्या टेबलाजवळ चालणार नाही.

मधुमेहाचा प्रश्न याहून कठीण आहे. दुसऱ्या महायुद्धात शांघायमध्ये इन्सुलिन मिळेनासे झाले, तेव्हा स्वतः मधुमेही असलेल्या एव्हा सॅक्सल आणि त्यांच्या पतीने म्हशींच्या स्वादुपिंडापासून ते तयार केले होते. दोघांपैकी कोणीही डॉक्टर नव्हते.

उत्तर ३ (त्वचारोगतज्ज्ञ, पिंपळगाव बसवंत)

शेवटच्या क्रमांकाबद्दल एवढेच सांगतो की, छावणीत माणसे एकमेकांना चिकटून झोपू लागली की खरूज आलीच, आणि गंधकाचे मलम हा तिच्यावरचा जुना, सिद्ध उपाय आहे. द्राक्षावरच्या भुरीसाठी लागणारे गंधक आमच्याकडे शेडमध्ये पोत्यांनी पडलेले असते. खाजवून झोप न लागलेला सर्जन काय शस्त्रक्रिया करणार?

उत्तर ४ (सामाजिक वैद्यकशास्त्र, पंचवटी)

ज्या विषयाच्या तासाला आपण सगळे झोपलो, त्याचे नाव अजून कोणी घेतलेले नाही. गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागले की नाशिककर पूर पाहायला निघतात. आम्ही मात्र पूर ओसरल्यानंतरच्या आठवड्यातले जुलाब मोजायला निघतो. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने (कॉलऱ्याने) माणसे मरत होती आणि सलाईन संपत आले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. तिथला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो चार टक्क्यांच्या खाली आला. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढेच घरगुती प्रमाण आहे. यासाठी कोणत्याही शाखेची पदवी लागत नाही.

प्रश्नकर्ता

मॅडम, साखरेऐवजी निफाडच्या उसाचा गूळ चालेल का? आणि क्लोरीन कुठून आणायचे?

उत्तर ४

गूळ अडचणीत चालेल, पण गोडी कमी-जास्त असल्यामुळे प्रमाण नेमके राहत नाही. ब्लीचिंग पावडर साठवणीत निकामी होत जाते, म्हणून पाणी उकळण्यासाठी सरपणाचा हिशेब आधी करा. मला खरी चिंता मिठाची वाटते, कारण जिल्ह्यात मीठ पिकत नाही. कसारा बंद असेल तर ते पेठच्या रस्त्याने गुजरातच्या किनाऱ्यावरून आणावे लागेल. तुमच्या रेडिओलॉजीवाल्या मित्राला बैलगाडी हाकता येते का, ते विचारून ठेवा.