लेव्हनवर्थला डिसेंबरमध्ये एका दिवसात : आई-बाबांना घेऊन कसं जावं?

मोगरा_बॉथेल
मिरजेहून आई-बाबा आमच्याकडे सिएटलजवळ बॉथेलला आलेत, जानेवारीत परत जातील. दोघांनी अजून बर्फ हातात घेतलेला नाही, म्हणून लेव्हनवर्थचे, म्हणजे डोंगरापलीकडच्या त्या जर्मन धर्तीच्या गावातले, नाताळचे दिवे दाखवायचेत. आम्ही सहा जण, मुलं ६ आणि ९ वर्षांची. गाडी सात सीटर, ऑल व्हील ड्राइव्ह. बाबांचे गुडघे दुखतात, आई शाकाहारी. मुक्काम नको, एकूण २०० डॉलरमध्ये बसवायचंय आणि शनिवारच जमेल. कधी निघावं, गाडी कुठे लावावी, खायचं काय, सगळं सांगा.

सह्याद्री_ते_कॅस्केड
शनिवारी अजिबात जाऊ नका! वाटेतल्या स्टिव्हन्स पासला (घाटाला) स्कीइंगला जाणारे आणि दिवे बघायला जाणारे, सगळे त्याच यूएस २ हायवेवर. गेल्या वर्षी परतताना सुलतान गावाच्या आधी गाड्या तुंबल्या, घरी पोचायला रात्रीचे दोन वाजले. धाकटीला गाडीतच उलटी झाली. दिवे फेब्रुवारीपर्यंत असतात. जानेवारीतला मंगळवार बघा.

निवांत_७
एका दिवसात काय बघणार? आम्ही दोन रात्री राहिलो. खोलीच्या खिडकीतून वेनाची नदी दिसायची, सकाळी काठावर हरणं. सहा जणांना ६०० च्या आसपास लागतील, पण आई-बाबा काय रोज येतात?

मोगरा_बॉथेल
बजेट २०० आहे हो.

पक्का_ड्रायव्हर
ऑल व्हील ड्राइव्ह आहे म्हणून गाफील राहू नका. पासवर चेन्स (बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या) सक्तीच्या झाल्या की तुम्हाला सहसा चाकांना लावायची सूट असते, पण गाडीत असाव्याच लागतात. मी विकत आणल्या आणि पाकीट न फोडता डिकीत टाकल्या. ४०६१ फुटांवर, वारा सुटलेला असताना उघडल्या तर माप चुकीचं! बोटं इतकी बधिर की चेनचा हुक हातात आहे की नाही ते कळेना. बायको टॉर्च धरून उभी, मागच्या सीटवर सासूबाई रामरक्षा म्हणतायत. घरच्या अंगणात दोनदा लावून बघा. सोबत रबरी हातमोजे आणि गुडघ्याखाली घालायला जुनं पायपुसणं घ्या. निघायच्या आधी राज्याच्या वाहतूक खात्याच्या अ‍ॅपवर पासची स्थिती बघा.

यलो_सब
यूएस २ सोडाच. आय ९० हायवेने स्नोक्वाल्मी पासवरून जाऊन ब्लूएट पासने उतरा. लांब पडतं, पण पहिला निम्मा रस्ता रुंद आहे.

सह्याद्री_ते_कॅस्केड
ब्लूएट स्टिव्हन्सपेक्षा उंच आहे, थोडाच का होईना. रात्री तिथे चिटपाखरू नसतं. अडकलात तर मदत कोण करणार?

यलो_सब
बारा वर्षं जातोय, एकदाही अडकलो नाही.

खमंग
शनिवारी जाऊ नका, चेन्स न्या. वर सगळ्यांनी सांगितलंय तेच. खाण्याचं म्हणाल तर तिथे मुख्य काम सॉसेजचं. शाकाहाऱ्याला प्रेट्झल आणि बटाटा, त्यालाही मोठी रांग. आम्ही धपाटे आणि थर्मासमधून चहा नेला. गाडीतच उरकलं आणि सासूबाई खूश. आजोबांसाठी फ्रंट स्ट्रीट पार्कच्या आसपासच थांबा. मुलं उतारावर स्लेड घेऊन घसरतात, समोर बँडस्टँड आहे, जवळच नटक्रॅकर म्युझियममध्ये बसून ऊब घेता येते. बुटांना बर्फाचे काटे लावा, फरसबंदी पार काच झालेली असते.

स्पष्टवक्ता
माझं मन तिथे रमलं नाही. सगळं नकली बव्हेरिया, म्हणजे जर्मनीतल्या डोंगरी गावांची नक्कल. पेट्रोल पंपालासुद्धा लाकडी सज्जा!

रूळ_आणि_मी
नकली म्हणू नका, मला त्रास होतो. रेल्वेने १९२० च्या दशकात आपला तळ इथून वेनाची शहरात हलवला, मग लाकडाची गिरणी बंद पडली आणि गाव मरायला टेकलं. १९६० च्या दशकात गावकऱ्यांनी आपापल्या खिशातून दुकानांच्या दर्शनी भिंती बदलल्या, म्हणून आज हे गाव आहे.

निवांत_७
मग ट्रेननेच का जात नाहीत?

पक्का_ड्रायव्हर
एका दिवसाच्या सहलीला ती बिनकामाची. एम्पायर बिल्डर ही गाडी सिएटलहून पाचच्या सुमारास सुटते, लेव्हनवर्थला आठच्या सुमारास. परतीची पहाटे, तीही लेट. स्टेशन गावाबाहेर. आणि डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो, खिडकीतून काही दिसत नाही.

रूळ_आणि_मी
पण त्या वाटेवर कॅस्केड बोगदा आहे! १९२९ चा, ७.८ मैल, म्हणजे साडेबारा किलोमीटर. मालगाड्यांचा धूर इतका कोंडतो की पूर्वेच्या तोंडाला दरवाजा बसवलाय. तो बंद करून मोठे पंखे लावतात आणि हवा साफ होईतो पुढची गाडी थांबते. जुना मार्ग वरून जायचा. १९१० साली वेलिंग्टनला हिमकडा कोसळून गाड्या दरीत गेल्या, ९६ माणसं गेली.

स्पष्टवक्ता
विषय काय, चाललंय काय? बाईंना पार्किंग विचारायचं होतं.

खमंग
सकाळी दहाच्या आत पोचलात तर मिळेल, नंतर चकरा माराल. मोनरोच्या पुढे बाथरूमची खात्री नाही, तिथेच थांबून घ्या.

मोगरा_बॉथेल
सगळ्यांचे मनापासून आभार. बोगद्याचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. बाबा ३४ वर्षं रेल्वेत गार्ड होते. त्यांनी तो तीनदा वाचायला लावला, दरवाजा कोण लावतं, पंख्यांना वीज कुठून, सिग्नल कुणाच्या ताब्यात, विचारत बसले. काळोखात काही दिसणार नाही म्हटलं तर म्हणाले, "डोळे मिटले तरी बोगदा लागला की चाकांचा आवाज बदलतो."

तर ठरलं. शनिवारीच. नवरा, आई आणि मुलं सकाळी सहाला गाडीने निघतील. मी आणि बाबा संध्याकाळी एव्हरेटहून ट्रेन धरू, नवरा स्टेशनवर घ्यायला येईल. दिवे बघून रात्री सगळे गाडीने परत, पास बंद झाला तर ब्लूएटवरून. २०० चं गणित तिकिटांनी मोडलं, आईने तिच्या भिशीतले पैसे पुढे केले.

काल रात्री अंगणात चेन्स लावून पाहिल्या. बाबा टॉर्च धरून स्टुलावर बसले होते. पहिल्या चाकाला पंचवीस मिनिटं लागली, दुसऱ्याला दहा.