वनवे केल्यावर वेग वाढतो त्याचं काय?
असं सुचवलं जातं की गल्लीत एकाच बाजूला पार्किंग ठेवा आणि रस्ता वनवे करा, म्हणजे ॲम्ब्युलन्स, अग्निशमनची गाडी अडकणार नाही. हे अगदी मान्य, पण आमच्या गल्लीत नेमकं हेच केलं आणि महिन्याभरात लोक गाड्या सुसाट न्यायला लागले, कारण समोरून कोणी येणार नाही ही खात्री आणि रस्ता सरळ मोकळा. आधी पोरं बिनधास्त सायकल चालवायची, आता आईवडील सोडतच नाहीत, आणि याचं मला फार वाईट वाटतं. वेग ३० चा ४५ झाला तर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला दुपटीहून जास्त अंतर लागतं, हे कोणी लक्षातच घेत नाही.

यावर उपाय आहे. नेदरलँड्समध्ये वूनर्फ म्हणून राहत्या वस्तीतले रस्ते असतात, १९७६ पासून त्यांना कायद्याचा आधार आहे. तिथे पार्किंग काही अंतर डावीकडे, मग उजवीकडे असं आलटून पालटून देतात, त्यामुळे गाडीला वळत वळत जावं लागतं आणि वेग आपोआप कमी होतो. फक्त वळणं आखताना अग्निशमनची गाडी वळेल एवढी जागा सोडायची आणि कोपऱ्यावर पार्किंग अजिबात द्यायचं नाही.