लेंटमध्ये पहाटे पाचला न उठणारा 'रविवारचा ख्रिस्ती' का?

गेवराईकर: सलाम सगळ्यांना. काल एका भावानं टाकलेलं वाचलं अन् तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहायलो. त्याचं म्हणणं, मंडळी आरामाला सोकावलीय, लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, चाळीस दिवस पहाटे पाचला चर्चमध्ये गुडघे टेकायचे, एकच वेळ जेवायचं, मोबाइल बंद, अन् ज्याला जमत नाही तो फक्त रविवारचा ख्रिस्ती. भाऊ, आमच्या गल्लीत टँकर पहाटे पाचलाच येतो, आठवड्यातून दोनदा. ड्रमवर रंगानं नंबर टाकलेत तरी दरवेळी कुणीतरी मधी घुसतंय, बायको भांडायली अन् मी पाइप धरून उभा. हे कष्ट नाहीत तर काय? आहे तेवढं तर निभावू द्या की, वरून आणखी कशाला मागून घ्यायचं?

छावणीवाला: टँकर दोनदा येतो म्हणालास. बाकीचे पाच दिवस पाचला काय करतोस?

राग नको मानू. मी 11 वर्षं गुटखा खाल्ला. कन्व्हेन्शनला, म्हणजे मंडळीच्या मोठ्या प्रार्थनासभेला, रडलो, पाळकांनी डोक्यावर हात ठेवला, घरी येताना स्टँडवर पुडी घेतली. सुटला तो एका लेंटमध्ये. खिशात बडीशेप ठेवायचो, हात आपोआप खिशाकडं जायचा, दिवसाला पन्नासदा तरी. लूक 9:23 मध्ये वधस्तंभ 'दररोज' उचलायला सांगितलाय, मनात येईल तवा नाही.

परभणीची लेक: गुटखा सोडलात, छान. आता माझं ऐका. आईला शुगर. एका उपदेशकानं 21 दिवसांचा उपास लावला, वर सांगितलं की गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. नवव्या दिवशी आई न्हाणीत पडली, दवाखान्यात नेलं तर शुगर 48 वर उतरलेली. तो माणूस बघायलाही आला नाही, निरोप पाठवला की विश्वास कमी पडला. मत्तय 23:4 वाचा, जड ओझी लोकांच्या खांद्यावर द्यायची अन् स्वतः बोटही लावायचं नाही. मला आता 'शिस्त' शब्द ऐकला तरी अंगावर काटा येतो.

छावणीवाला: ताई, वाईट झालं. पण चूक त्या माणसाची, उपासाची नाही.

परभणीची लेक: दरवेळी माणसाचीच चूक असते हो.

जुनं कंपाउंड: मुळात लेंट आपला आहे का? जालन्याला स्कॉटिश मिशन होतं, प्रेसबिटेरियन नावाच्या प्रोटेस्टंट पंथाचे लोक, त्यांच्यात लेंट पाळायची रीतच नव्हती. लेंट औरंगाबादच्या चर्च मिशनरी सोसायटीकडचा, ते अँग्लिकन पंथाचं मिशन. 1970 ला या मंडळ्या जोडून सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं अन् सगळं एका भांड्यात आलं. अन् मोजता तरी नीट का? राखेच्या बुधवारी लेंट सुरू होतो, तिथून ईस्टरपर्यंत 46 दिवस होतात, रविवार सोडले की 40. आमच्या इथल्या बाया तर उपासाला साबुदाणा खातात, वरून तूप! हा कुठला उपास?

वसमतचा पोऱ्या: भगर चालते का मग?

जुनं कंपाउंड: भगर बी नाही अन् साबुदाणा बी नाही. ती एकादशीची पद्धत.

परभणीची लेक: साबुदाण्याला धर्म असतो हे आजच कळलं. दिवसभर राबून आलेल्या बाईनं काय खायचं ते तुम्ही ठरवणार. स्वतः कधी भिजवलाय का?

जुनं कंपाउंड: विषय भिजवण्याचा नाही, अर्थाचा आहे.

परभणीची लेक: ज्याला भिजवावा लागत नाही त्यालाच अर्थ सुचतो.

वसमतचा पोऱ्या: एक वेळ म्हणजे दुपारी का रात्री? खरंच विचारायलो.

गेवराईकर: बघा, मी काय लिहिलं अन् तुम्ही कुठं गेलात. माझे आजोबा 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायचे. मिलो ज्वारीची लाल भाकरी, पोरांना सुकडी. त्यांना कुणी लेंट शिकवायला आलं नव्हतं.

छावणीवाला: अन् खडी फोडून आल्यावर रात्री घरची प्रार्थना घेत होते का नाही? खरं सांग.

गेवराईकर: ...घेत होते. कंदील लावून. आम्हा पोरांना डुलकी लागली की आजी चिमटा काढायची. आजोबांना पण काढायची.

छावणीवाला: झालं तर मग!

गेवराईकर: काय झालं? ते कुणाला सांगत फिरत नव्हते, अन् शेजारच्याला रविवारचा ख्रिस्ती पण म्हणत नव्हते. उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, हे येशूनंच सांगितलंय. इथं तर पहाटे पाचचे फोटो पडायलेत.

छावणीवाला: फोटोचं मान्य. मी पण दोन टाकलेत, काढतो.

परभणीची लेक: प्रभूची स्तुती असो, एक तरी माणूस सुधारला.

गेवराईकर: बरं, टँकर नसंल त्यातले दोन दिवस येतो. पण सहाला. अन् त्या भावाला सांगा, एक दिवस आमच्या गल्लीत पाइप धरायला ये.

छावणीवाला: साडेपाच.

वसमतचा पोऱ्या: भगरीचं राहूनच गेलं.