कार्डावरची चूक छापखान्यातली की नंतर घडवलेली?

प्रश्न

मी न्यू जर्सीत राहतो आणि तीन वर्षांपासून बेसबॉल कार्डे, म्हणजे खेळाडूंची छायाचित्रे छापलेली कार्डे, जमवतो. गेल्या महिन्यात एका घरगुती विक्रीत सुट्या कार्डांचा खोका घेतला, त्यात टॉप्स या कार्डे काढणाऱ्या कंपनीच्या १९९० च्या संचातले फ्रँक थॉमस या खेळाडूचे ४१४ क्रमांकाचे कार्ड निघाले आणि त्याच्या दर्शनी बाजूवर नावच नाही. नाव नसलेले हे कार्ड फार प्रसिद्ध असल्यामुळे मला आनंदापेक्षा शंकाच अधिक वाटते. त्याच खोक्यातल्या १९८० च्या दशकातल्या आणखी एका कार्डावर लाल रंग जवळपास नाही आणि खेळाडूचा चेहरा हिरवट दिसतो. या खरोखर छपाईतल्या चुका आहेत का, हे घरी कसे तपासावे?

उत्तर १

काय नाही यापेक्षा ते यंत्रात कशामुळे गेले असेल, हे आधी विचारावे. ही कार्डे निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शायांनी, प्रत्येक शाईची वेगळी प्लेट लावून, मोठ्या शीटवर छापली जात आणि नंतर कापली जात. त्यामुळे खरी चूक सहसा एकाच शाईची असते आणि ती कार्डाच्या कडेशी थांबत नाही. थॉमसच्या बाबतीत शीटच्या एका भागात काळी शाई उमटली नाही, म्हणून त्याचे नाव गेले आणि शेजारच्या कार्डांवरच्याही काळ्या रेषा तुटल्या. ती तुटकी शेजारी कार्डे सापडली, हाच या चुकीचा मला सर्वांत भक्कम वाटणारा पुरावा आहे. टॉप्सच्या १९८२ च्या संचात तर काही कार्डांवर काळी शाई अजिबात आली नाही, त्यामुळे खेळाडूची छापील सही गायब झाली आणि छायाचित्रेही फिकी पडली.

आता तुमचे कार्ड दिव्याखाली तिरपे धरा. जिथे नाव असायला हवे तिथली चकाकी बाकीच्या पृष्ठभागासारखीच अखंड हवी. नंतर दहापट भिंगातून पाहा: शाई मुळात पडलीच नसेल तर खालच्या रंगाचे ठिपके रेखीव आणि सलग दिसतात, खोडली असेल तर ते पुसट होतात आणि कागदाचे तंतू उभे राहतात.

उत्तर २

हिरवट कार्डाबद्दल लिहितो, कारण या प्रकारात सर्वाधिक फसवणूक होते. उन्हात किरमिजी आणि पिवळा हे दोन्ही रंग निळ्या-काळ्याच्या आधी उडतात, म्हणून खिडकीत राहिलेले कार्ड निळसर होते. किरमिजी शाई छपाईतच आली नसेल तर पिवळा पूर्ण जोरात राहतो आणि चेहरा हिरवट दिसतो. तेव्हा भिंगातून पिवळे ठिपके पाहा, आणि किरमिजी ठिपके मुळीच नाहीत की फिके होऊन उरले आहेत, हेही पाहा. एखादी कड दुसऱ्या कार्डाखाली झाकलेली राहून तिथे लाल टिकला असेल, तर दोष उन्हाचा आहे.

उत्तर ३

एक भेद पाळावा असे मला वाटते. फ्लीअर या दुसऱ्या कंपनीच्या १९८९ च्या संचातल्या बिली रिपकेनच्या कार्डावर बॅटच्या मुठीवरची शिवी तशीच छापली गेली. टॉप्सच्या १९५७ च्या हँक आरनच्या कार्डावर निगेटिव्ह उलटे लागल्यामुळे तो डावखुरा दिसतो. या चुका यंत्राच्या नाहीत, त्या आधीच्या तयारीतल्या आहेत, आणि म्हणून तशाच पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या. याउलट शाईचा एखादा डाग किंवा किंचित सरकलेला रंग एकाच प्रतीवर असतो. तो खरा असला तरी त्याला केवळ छपाईतला दोष म्हणावे, त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. मागची बाजू कोरी असलेले कार्ड मिळाल्यास त्याची जाडी त्याच संचातल्या दुसऱ्या कार्डाशी ताडून पाहा, कारण कागदाचे थर सोलून कोरी बाजू तयार करता येते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. थॉमसच्या कार्डावर नावाच्या जागी चकाकी गेलेली आहे आणि भिंगातून तंतू स्पष्ट दिसतात, म्हणजे नाव कोणीतरी खोडले आहे. हिरवट कार्डावर मात्र पिवळे ठिपके भरदार आहेत आणि किरमिजी ठिपका एकही सापडला नाही, त्यामुळे त्याच संचातली आणखी कार्डे मिळवून मी ते त्यांच्याशी ताडून पाहणार आहे. थॉमसच्या कार्डाच्या पाकिटावर ‘नाव खोडलेले’ असे लिहून ठेवले आहे, म्हणजे माझ्यानंतर ते ज्याच्या हाती जाईल त्याची फसगत होणार नाही.