नॅनो झिंकचं सनस्क्रीन लेकीला लावावं का?

पोहणारीची आई: लेक ९ वर्षांची, भर उन्हात पोहते. ट्यूबवर 'नॅनो झिंक ऑक्साइड' लिहिलंय. कण त्वचेतून आत जातात का? स्प्रे आणला तर धावपळ वाचेल.

रंगवाला: ताई, लोशन बिनधास्त लावा, स्प्रे नको. मी रंगाच्या कारखान्यात आहे. टायटॅनियम डायऑक्साइडची, म्हणजे रंगात आणि झिंकसारखीच सनस्क्रीनमध्येही पडणाऱ्या पांढऱ्या भुकटीची, गोणी फोडली की पांढरी धूळ भुवयांवर बसते, म्हणून मास्कशिवाय आम्ही कुणाला तिथे उभं करत नाही. धास्ती फुफ्फुसांची, कातडीची नव्हे. कातडी खरचटलेली नसेल तर तिच्या वरच्या मृत थरातच हे कण अडकतात. युरोपात नॅनो झिंक २५ टक्क्यांपर्यंत चालतं, पण श्वासातून आत जाईल अशा फवाऱ्यात नाही. नॅनो म्हणजे साधारण १०० नॅनोमीटरच्या आतलं. कण बारीक म्हणून चेहरा भुतासारखा पांढरा दिसत नाही, एवढंच.

खवय्या: मग २०२२ मध्ये युरोपने टायटॅनियम डायऑक्साइड खाण्यातून का काढलं?

रंगवाला: ते पोटात जाणारं. डीएनएला इजा होणारच नाही, अशी खात्री तिथल्या तज्ज्ञांना देता आली नाही. लावणं वेगळं, गिळणं वेगळं. त्यामुळे ओठांवर जरा बेतानेच. आणि खरचटलेल्या गुडघ्यावर नको.

पोहणारीची आई: सासूबाई म्हणतात, खोबरेल पुरे.

रंगवाला: केसांना पुरे! उन्हाला नाही. पाण्यातून बाहेर आली की अंग पुसून पुन्हा लोशन लावा, ट्यूबवर 'वॉटर रेझिस्टंट' असलं तरी.