परदेशातली लोकल : ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

नौपाडा, ठाणे

ठाण्याहून सकाळची फास्ट पकडणाऱ्याला गर्दीची भीती घालू नये. त्याला लंडनमध्ये सोडा नाहीतर टोकियोत, तो चढतोही आणि उतरतोही. त्याचं अडतं ते गाडीत नाही, गेटवर. आपल्याकडे एकदा पास काढला की विषय संपला; पास खिशात, गाडी समोर, मध्ये आला तर टीसी. तिकडे आत शिरताना गेट, कित्येक शहरांत बाहेर पडतानाही गेट. त्याला काय दाखवायचं, कुठल्या बाजूचं गेट धरायचं आणि शेवटी कुठल्या दाराने रस्त्यावर यायचं, यातच पाहुण्याचं डोकं खर्ची पडतं.

आमच्या आजूबाजूच्या बऱ्याच घरांत यंदा परदेशवाऱ्या ठरल्यात, म्हणून हा धागा. पैसे कसे भरलेत, म्हातारी माणसं, पोरं आणि बॅगा घेऊन काय केलंत ते लिहा. ‘सगळं किती स्वच्छ होतं’ एवढंच लिहायचं असेल तर नको, ते फोटोत पाहिलंय. टूरच्या बसमधून फिरलेल्यांनी फक्त वाचावं.

ऐरोली

लंडनला ऑफिसच्या कामाने जाणं होतं. २००३ साली आलेलं ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं तिथलं प्रवासाचं कार्ड, अजून चालतं, पण पाहुण्याला त्याची गरज उरलेली नाही. आपलं बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटवर टेकवलं की झालं. फक्त एक काम इथूनच करून निघायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशातले व्यवहार बंदच असतात. ते आणि कॉन्टॅक्टलेस, दोन्ही बँकेच्या ॲपमधून चालू करायचं. हे विमानात बसायच्या आधी, तिथल्या गेटसमोर मागे रांग लावून नव्हे.

दिवसभर कितीही फिरा, ठरावीक रकमेच्या पुढे पैसे कापले जात नाहीत. यात मेख अशी की सकाळी कार्ड टेकवलं आणि दुपारी तेच कार्ड फोनमधून वापरलं, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. म्हणून जे वापराल तेच रात्रीपर्यंत वापरा. नवरा-बायकोत एक कार्ड चालत नाही, माणशी एक लागतं.

ट्यूबला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा टेकवायचं. बाहेर पडताना राहिलं तर त्या प्रवासाचं जास्तीत जास्त भाडं लागतं. बसला फक्त चढताना. बसमध्ये २०१४ पासून रोख घेतच नाहीत, त्यामुळे सुट्ट्या पैशांचा वाद कायमचा मिटलाय. एकाच भाड्यात तासाभराच्या आत हव्या तेवढ्या बस बदलता येतात. घाई नसेल त्याने बसच धरावी असं माझं मत. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर शहर दिसतं, बोगद्यात काय दिसणार!

डीएलआर नावाची बिनड्रायव्हरची गाडी आहे. तिच्या पुढच्या काचेपाशी बसायला पोरांपेक्षा बापच जास्त धडपडतात. पण तिच्या बऱ्याच स्टेशनांत गेट नसतं, कार्ड टेकवायचं यंत्र नुसतं खांबावर असतं. गेट दिसलं नाही की ठाणेकर सरळ चालू लागतो. तिथे थांबून खांब शोधायचा. काही स्टेशनांत गाडी बदलताना गुलाबी यंत्रं दिसतील. मध्य लंडन टाळून बाहेरच्या बाहेर जात असाल तर त्यांना कार्ड लावायचं, म्हणजे तुम्ही वळसा घालून आलात हे कळतं आणि भाडं कमी बसतं.

वाशी

मी आणि हे मुलीकडे न्यूयॉर्कला राहून आलो. मुलगी-जावई कामावर, त्यामुळे आम्ही दोघंच सबवेने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, हिंडायचो. वरच्यांनी गेटचं लिहिलंय, पण न्यूयॉर्कला गेट एकदाच, आत जाताना. भाडंही एकच, शेजारच्या स्टेशनात उतरा नाहीतर शहराच्या दुसऱ्या टोकाला. १९०४ साली सबवे सुरू झाली तेव्हा ५ सेंट होतं आणि ते १९४८ पर्यंत तेवढंच राहिलं, हे जावयाने सांगितलं. २०२६ च्या जानेवारीपासून ३ डॉलर झालंय.

स्लो-फास्ट आपल्याला शिकवावं लागत नाही. तिथे लोकल आणि एक्सप्रेस म्हणतात. पुष्कळ मोठ्या स्टेशनांत एकाच प्लॅटफॉर्मच्या एका बाजूला लोकल, दुसऱ्या बाजूला एक्सप्रेस. उतरायचं, चार पावलं टाकायची, समोरच्या गाडीत बसायचं. पूल नाही, धावाधाव नाही. ठाण्याला असं असतं तर माझे गुडघे अजून दहा वर्षं टिकले असते.

सांभाळायचं ते वर, रस्त्यावरच. लहान स्टेशनांत अपटाऊनचा, म्हणजे उत्तरेकडच्या गाड्यांचा, जिना रस्त्याच्या एका बाजूला आणि डाऊनटाऊनचा, दक्षिणेकडच्यांचा, दुसऱ्या बाजूला असतो, आतून पलीकडे जायला वाट नसते. खाली जाऊन कार्ड टेकवलं की पैसे गेले, म्हणून जिना उतरायच्या आधी पाटी वाचायची. हे पाटी मोठ्याने वाचायचे, मी नकाशाशी ताडून पाहायचे, मगच उतरायचो. लोक बघायचे, बघू देत.

शनिवार-रविवारी तिथे काय काय चालतं ते आपल्या मेगाब्लॉकवाल्यांना ऐकवायला हवं. एक्सप्रेस लोकल होते, एक लाइन दुसरीच्या रुळांवरून धावते, कुठे गाडीऐवजी बस. खांबांवर कागद चिकटवलेले असतात, ते वाचावेत. आणि भर गर्दीत एखादा डबा मोकळा दिसला तर आनंदाने शिरू नये. एसी बंद असतो किंवा वास असतो, काहीतरी असतंच.

आणखी एक गंमत. गाडी थांबली की मधल्या डब्यातला कंडक्टर खिडकीतून प्लॅटफॉर्मवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फळीकडे बोट दाखवतो. गाडी बरोबर जागी थांबली, याची ती खूण. मग दारं उघडतात.

घणसोली

टोकियो. शिंजुकु हे प्रवाशांच्या संख्येत जगातलं सगळ्यात गजबजलेलं स्टेशन, गिनेसमध्ये नोंद आहे. रोजचे सुमारे ३५ लाख लोक आणि बाहेर पडायला दोनशेहून जास्त दारं. त्यामुळे ‘शिंजुकुला भेटू’ असं कुणी कुणाला सांगत नाही, कुठल्या दारापाशी ते सांगतात. तुम्हीही हॉटेलचा पत्ता विचारताना सगळ्यात जवळचं दार विचारून ठेवा. चुकीच्या दाराने बाहेर आलात तर रस्त्यावरून वळसा भला मोठा पडतो, त्यातून हातात बॅग असली की बघायलाच नको.

पैशांचं सोपं आहे. सुइका किंवा पास्मो कार्ड जेआर (जपान रेल्वे), मेट्रो, खासगी लाइन, बस सगळीकडे चालतं. दुकानात पाण्याची बाटलीही त्यावर घ्या. पाहुण्यांसाठी वेलकम सुइका असतं, २८ दिवसांचं. त्याला डिपॉझिट नाही, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून थोडे थोडे भरावेत. स्टेशनातल्या बहुतेक यंत्रांत भरणा रोखीने होतो. येनच्या नोटा जवळ हव्यात.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते बाहेरच्या गेटजवळचं एक यंत्र. कमी पैशांचं तिकीट काढून पुढे गेलात तर गेट मिटतं. मग त्या यंत्रात तिकीट घालायचं, ते उरलेली रक्कम सांगतं, तेवढी भरून बाहेर पडायचं. दंड नाही, कुणी बाजूला घेत नाही, ‘कुठून आलात’ नाही. तिकडे भाड्याचा तक्ता कळला नाही तर लोक सरळ सगळ्यात स्वस्त तिकीट काढतात आणि उतरताना फरक भरतात. ठाण्याच्या पुलावर टीसीसमोर असं सांगून बघा!

यामानोते लाइन गोल फिरते. ३४.५ किलोमीटर, म्हणजे आपलं ठाणे ते सीएसएमटी धरा, आणि ३० स्टेशनं. साधारण तासाभरात गाडी निघाली तिथेच परत येते. दादरला पुलासमोर उतरायचं तर कुठल्या डब्यात चढायचं हे आपल्याला वर्षानुवर्षांच्या सवयीने कळतं. टोकियोत मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर तसा तक्ताच लावलेला असतो, कुठल्या डब्यासमोर जिना, कुठे लिफ्ट. गाडीत फोनवर कुणी बोलत नाही. भजनी मंडळाच्या डब्यात वाढलेल्या माणसाला ती शांतता जरा अंगावर येते. शेवटची गाडी मात्र मध्यरात्रीच्या आसपास जाते आणि टॅक्सीचं भाडं ऐकून झोप उडते.

कोपरी, ठाणे पूर्व

दुबई मेट्रो थोडक्यात. २००९ मध्ये सुरू झाली, ड्रायव्हर नाही, रेड लाइन थेट विमानतळाच्या टर्मिनल १ आणि ३ ला लागते. नोल नावाचं तिथलं प्रवासाचं कार्ड घ्यायचं. बायका-मुलांच्या डब्याची हद्द जमिनीवर गुलाबी रेघ मारून दाखवलेली असते. पुरुषाने ती ओलांडली की दंड. त्यामुळे जोडीने उभं राहायचं तर बायकोनेच आपल्या बाजूला यायचं. खाणं-पिणं, च्युइंग गम, सगळ्याला दंड. वडापाव उतरल्यावर.

खारघर

दुबईवरून सिंगापूर आठवलं. तिथेही गाडीत पाण्याचा घोट घेतला तरी नियम मोडतो, दंड ५०० डॉलरपर्यंत. डुरियन हे फळ न्यायला बंदी आहे, वास घेतलात तर कारण विचारणार नाही. लहान मूल ०.९ मीटरपेक्षा बुटकं असेल तर फुकट, स्टेशनात उंचीची खूण असते. आमची कन्या टाचा वर करून ‘मी मोठी, मला कार्ड हवं’ म्हणून अडून बसली होती.

बसला उतरतानाही कार्ड टेकवायचं, भाडं अंतरावर असतं. आणि बस आपली आपण थांबत नाही, हात दाखवावा लागतो. एनएमएमटीची सवय कामाला आली.

कळवा

सगळे कौतुक करताहेत म्हणून पॅरिसचं खरं सांगते. मेट्रो दाट आहे, पटकन येते, पण आई-बाबांना घेऊन जाल तर जिने फार. पूर्ण बिनजिन्याची म्हणावी अशी मेट्रो लाइन एकच, १४ नंबरची, १९९८ ची. बाकी स्टेशनांत लिफ्टवर भिस्त ठेवू नका. आम्ही आईसाठी बसच धरल्या, चढायला सोप्या आणि नदीकाठाने जाणारी मिळाली की वेगळं बघायला नको. तिकिटं भरून घ्यायचं नाविगो ईझी कार्ड माणशी एक लागतं. मेट्रोचं आणि बसचं तिकीट वेगळं, एकावरून दुसऱ्यात जाता येत नाही. बाहेर पडेपर्यंत तिकीट जपून ठेवायचं, तपासनीस मधल्या बोळांतच उभे असतात.

नौपाडा, ठाणे

ऐरोलीकर, दोन मोठ्या बॅगा, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. हीथ्रोवरून मध्य लंडनला ट्यूब घ्यावी का?

ऐरोली

ट्यूबची पिकॅडिली लाइन स्वस्त, पण मध्यापर्यंत तासभर लागतो आणि पुढच्या जुन्या स्टेशनांत जिने. सासूबाई आहेत तर थोडे जास्त पैसे गेले तरी एलिझाबेथ लाइन घ्या. २०२२ ची आहे, तिच्या सगळ्या स्टेशनांत रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत जिना न चढता जाता येतं. मुलगा ११ वर्षांच्या आतला, ट्यूबमध्ये तुमच्यासोबत फुकट. बॅगा आणि त्याला घेऊन कडेच्या रुंद गेटने शिरा. सासूबाईंच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू केलेत का ते आजच बघा.